जीव घाबरतो म्हणून सीबीडी घेऊ का?

वाचकांचे प्रश्न, मनोविकारतज्ज्ञांची उत्तरं

मागच्या अंकात पॅनिक अटॅकबद्दल लिहिलं, आणि त्यानंतर आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा दिसला : सीबीडी, म्हणजे भांगेच्या झाडातून काढलेलं एक द्रव्य, आणि त्याच झाडाचा गांजा, भांग. कोणी त्याला तेल म्हणतं, कोणी गोळी, कोणी नुसतंच ‘ते’. दवाखान्यात समोर बसल्यावर जे कोणी सांगत नाही, ते पत्रात लोकांनी मोकळेपणाने लिहिलं, याचं मला फार बरं वाटलं. जागेअभावी तीनच पत्रं घेते. नावं काढली आहेत, गावाऐवजी तालुका ठेवला आहे.

प्रश्न : वय २९. गाव यावल तालुक्यात, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. महिन्यातले अर्धे दिवस घरून काम करतो, तेव्हा वडिलांसोबत केळीच्या बागेचंही बघतो. दीड वर्षापूर्वी भुसावळहून पुण्याला निघालो असताना रात्री गाडीत अचानक छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, आता आपण मरतो असं वाटलं. मनमाडला उतरून दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल निघाला. तेव्हापासून गाडीचं तिकीट काढलं की दोन दिवस आधीच पोटात गोळा येतो. मीटिंगमध्ये कॅमेरा सुरू करा म्हटलं की घाम फुटतो. एका डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम ही चिंतेवरची गोळी सुरू केली होती. आठ दिवसांत जास्तच अस्वस्थ वाटलं म्हणून बंद केली, त्यांना कळवलं नाही. आता ऑफिसातल्या मित्राने सीबीडी तेलाची बाटली दिली आहे. जिभेखाली चार-पाच थेंब घेतो, गाडीत बसताना तर हमखास. बरं वाटतं. मित्र म्हणतो, यात नशा नाही, झाडाचं आहे, साइड इफेक्ट नाही. घरी माहीत नाही. चालू ठेवू का? कायद्याची काही अडचण?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात. गोळी आठ दिवसांत बंद केली आणि डॉक्टरांना कळवलं नाही. मी तिथूनच सुरुवात करते, बाटलीकडे नंतर वळू.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्या सुरू केल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे काही जणांची बेचैनी वाढते. मळमळतं, झोप उडते, आतून थरथरल्यासारखं वाटतं. ज्यांना आधीच पॅनिकचा त्रास आहे त्यांना हे जास्त जाणवतं, म्हणूनच आम्ही त्यांना अगदी कमी डोसवर सुरू करून हळूहळू वाढवतो. खरा फायदा दिसायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे तुम्ही त्रासाचे दिवस सोसले आणि आराम यायच्या आत गोळी सोडलीत. यात तुमच्याकडे दोष कमी येतो. हे पहिल्याच भेटीत, घरच्यांच्या समोर, नीट समजावून सांगायला हवं होतं. गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं आणि मग रुग्णाला वाटतं की औषध आपल्याला ‘सोसत नाही’. तुमच्या बाबतीत औषध फसलं असं मी म्हणणार नाही, कारण ते अजून नीट घेऊनच झालेलं नाही.

आता सीबीडी. भांगेच्या झाडात कॅनाबिनॉइड नावाची शंभराहून जास्त रसायनं सापडतात. त्यातली दोन आपल्या कामाची : टीएचसी, ज्याने नशा चढते, आणि सीबीडी, ज्याने नशा चढत नाही. इथपर्यंत तुमच्या मित्राचं बरोबर आहे. सीबीडी हे काही भोंदू औषधही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली शुद्ध सीबीडीचं द्रव औषध लहान मुलांच्या दोन दुर्मिळ आणि हट्टी मिरगींसाठी मंजूर केलं. मात्र चिंतेच्या आजारासाठी अशी मंजुरी त्याला मिळालेली नाही.

चिंतेवर अभ्यास झाले आहेत, आणि ते वाचूनच मी बोलते आहे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०११ साली सोशल अँग्झायटी, म्हणजे चारचौघांसमोर जायची भीती, असलेल्या २४ जणांना लोकांपुढे भाषण करायला लावलं. अर्ध्यांना आधी ६०० मिलिग्रॅम सीबीडी दिलं, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच कॅप्सूल. ज्यांना सीबीडी मिळालं त्यांची घबराट कमी भरली. पुढे २०१९ मध्ये निरोगी पुरुषांवर १५०, ३०० आणि ६०० मिलिग्रॅम असे तीन डोस तपासले, तर फक्त मधल्या, ३०० मिलिग्रॅमच्या डोसने फरक पडला. कमी घेतलं तर काही नाही, जास्त घेतलं तरी काही नाही. हे प्रयोग छोटे आहेत, एका डोसचे आहेत, प्रयोगशाळेतल्या भाषणाचे आहेत. महिनोन् महिने चाललेल्या पॅनिकवर ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी आशा वाटावी असं त्यात काही आहे, हे मी मान्य करते.

आता तुमची बाटली हातात घ्या आणि उजेडात लेबल वाचा. समजा ती ३० मिलिलिटरची आहे आणि वर १००० मिलिग्रॅम लिहिलं आहे. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ३३ मिलिग्रॅम. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले तर एका थेंबात दीड-पावणेदोन मिलिग्रॅम. तुम्ही पाच थेंब घेता, म्हणजे आठ मिलिग्रॅमच्या आसपास. अभ्यासातला डोस ३००. तेवढा घ्यायचा तर एका वेळी नऊ मिलिलिटर प्यावं लागेल, आणि बाटली चौथ्या दिवशी रिकामी होईल. विकणाऱ्यांना हा हिशेब येत नाही असं नाही. ते अभ्यास दाखवतात ३०० मिलिग्रॅमचा आणि हातात देतात थेंब. घाबरलेल्या माणसाच्या खिशातून असे पैसे काढले जातात, याची मला मनापासून चीड येते.

लेबलवर आणखी एक बघा. आपल्याकडे पुष्कळदा ‘सीबीडी’ऐवजी ‘विजया अर्क’ इतके मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. विजया म्हणजे भांग. हा आकडा सगळ्या अर्काचा असतो. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे वेगळं लिहिलं आहे का? काही बाटल्यांत दोन्ही सारख्या प्रमाणात असतात, आणि ते कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं. ‘हेम्प सीड ऑइल’ लिहिलं असेल तर ते बियांचं खाण्याचं तेल आहे. त्यात सीबीडी नावालाही नसतं. २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तेव्हा फक्त २६ मध्ये लेबलवर लिहिल्याइतकं सीबीडी होतं, आणि १८ मध्ये टीएचसीही निघालं. तुमच्या बाटलीवर बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल नसेल, तर आत काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, तुमच्या मित्रालाही नाही, आणि मलाही सांगता येणार नाही.

मग बरं का वाटतं? वाटतं ते खरंच आहे, खोटं म्हणून मी ते झटकणार नाही. पण वेळ तपासून बघा. जिभेखाली टाकलेलं बहुतेक तेल गिळलंच जातं, आणि तोंडावाटे घेतलेलं सीबीडी रक्तात पुरतं चढायला अडीच ते पाच तास लागतात. तुम्ही भुसावळ स्टेशनावर थेंब घेता आणि गाडी जळगाव गाठायच्या आत हायसं वाटतं. त्या औषधाचा जोर यायचा तेव्हा गाडी मनमाडच्या आसपास असते. तुम्हाला जो धीर येतो तो ‘माझ्याकडे बाटली आहे’ याचा.

आणि माझी खरी काळजी इथे आहे. पॅनिकच्या माणसाला असे आधार चटकन चिकटतात. कोणाला दाराजवळची सीटच लागते, कोणी पाण्याची बाटली हातातून सोडत नाही, कोणी खिशात न घेतलेली अल्प्राझोलामची, घबराटीवरची गोळी वर्षभर बाळगतो. आधार असेपर्यंत मनाला कळतच नाही की आधाराविनाही आपण वाचलो असतो. उद्या बाटली घरी विसरली तर काय होईल, याची कल्पना करा. भीती गेलेली नसेल, फक्त बाटलीमागे उभी असेल.

औषधांचं सांगते. सीबीडी लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमांवर काम करतं, त्याच एन्झाइमांवर इतर बऱ्याच गोळ्यांचं पचन अवलंबून आहे. एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांची रक्तातली पातळी त्याने वाढू शकते. झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते. मोठ्या डोसमध्ये जुलाब, भूक मंदावणं, लिव्हरची तपासणी बिघडणं हे दिसलेलं आहे. पाच थेंबांनी हे होईलच असं नाही. पण तुमचे डॉक्टर पुन्हा गोळी सुरू करणार असतील, तर त्यांना बाटलीबद्दल माहीत असलंच पाहिजे. त्यांच्या टेबलावर ठेवा ती. ओरडतील म्हणून घाबरू नका. एखादा डॉक्टर ओरडलाच, तर दुसऱ्याकडे जा.

कायद्याचं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे पानांपासून, आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याखाली बनवलेली विजयाची औषधं देशात मिळतात. पण औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशी सूचना छापावीच लागते. मित्राने हातात दिलेली बाटली देखरेखीत बसत नाही. परवाना नसलेली, चिठ्ठीविना आलेली बाटली गाडीत बाळगू नका. मित्राने परदेशातून आणली असेल तर मुळीच नाही. त्यात टीएचसी निघालं तर स्पष्टीकरण तुम्हाला द्यावं लागेल, मित्राला नाही.

माझं मत विचाराल तर, आजच्या घडीला चिंतेच्या आजाराला मी सीबीडी लिहून देत नाही. उद्या मोठे, लांब पल्ल्याचे अभ्यास आले आणि खात्रीचं औषध मिळालं, तर आनंदाने देईन. तुमच्यासाठी मात्र आजच खात्रीचे उपाय आहेत, आणि ते वापरून झालेले नाहीत.

आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते. दिवसाचे चहा-कॉफी मोजा. रात्रीच्या कामासाठी एनर्जी ड्रिंक घेत असाल तर ती आधी बंद. मग मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊन गोळीचं पुन्हा बोला : कमी डोस, सावकाश वाढ, आणि पहिल्या दोन आठवड्यांत फोन करायची मुभा.

आणि गाडीचं भय गाडीतच जाईल. मुंग्या का येतात ते आधी समजून घ्या. घाबरलं की आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि त्यानेच हातपाय बधिर होतात, डोकं हलकं वाटतं. हृदय बंद पडायची ती खूण नव्हे. पॅनिकची लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग तिला उतरावंच लागतं, शरीर तेवढा ॲड्रेनॅलिनचा मारा जास्त वेळ चालवू शकत नाही. हे वाचून पटतं, पण अंगी मुरतं ते अनुभवानेच. म्हणून पहिल्या दिवशी नुसतं भुसावळ स्टेशनावर जा आणि बाकावर बसा, गाड्या येऊ-जाऊ द्या. मग एक दिवस जळगावपर्यंतचं तिकीट काढा. धडधड सुरू होईल, होऊ द्या. मोबाइल काढू नका, दाराकडे जाऊ नका, श्वास आत घ्यायचा त्याहून बाहेर सोडायला जास्त वेळ लावा, आणि लाट उतरेपर्यंत जागेवरून उठू नका. जळगाव सोपं झालं की चाळीसगाव, मग मनमाड. मनमाड तुम्हाला जड जाईल, तिथेच पहिली आठवण अडकली आहे. तिथे पोचाल त्या दिवशी भावाला किंवा एखाद्या जिवलग मित्राला बरोबर घ्या, पण पुढच्या वेळी एकटे जा. बाटली यातल्या कुठल्याही फेरीला बरोबर नको.

घरीही सांगा. बाग वाऱ्याने आडवी झाली तर बाप धीराने उभा राहतो, मुलाचा जीव घाबरतो हे ऐकूनही राहील. तुम्ही एकदा सांगून तर बघा.

प्रश्न : डॉक्टर ताई, आम्ही शिरपूर तालुक्यातले. मुलगा १९ वर्षांचा, धुळ्याला डिप्लोमाला आहे, रूम करून राहतो. दिवाळीला आला तेव्हा त्याच्या पँटच्या खिशात गांजाची पुडी सापडली. रडत म्हणाला, “माय, डोकं शांत व्हस, नही तं झोपच येत नही.” परीक्षेचं फार टेन्शन घेतो, लहानपणापासून घाबरट. मालकांना कळलं तर मारतील, ते म्हणतात अशांना पोलिसात द्यावं. आता दोन महिन्यांपासून तो म्हणतो की रूमवरची पोरं त्याच्याबद्दलच बोलतात, त्याचा मोबाइल कोणीतरी बघतं. जाऊबाई म्हणतात बाहेरचं आहे, भगताकडे न्या. काय करू?

उत्तर : ताई, भगताकडे नंतर जायचं तर जा, पण त्याला याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. पोरं आपल्याबद्दलच बोलतात, मोबाइल कोणी बघतं, ही वाक्यं मला गांजाच्या पुडीपेक्षा जास्त काळजीची वाटतात. हा नुसता परीक्षेचा ताण नसावा. मनाचा तोल जायला लागल्याची ही सुरुवात असू शकते, आणि या टप्प्यावर उपचार मिळाले तर पोरं सावरतात. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. त्याचं कॉलेजही धुळ्यातच आहे, तेव्हा पुढच्या फेऱ्याही तिथे सोप्या पडतील.

तो खोटं बोलत नाही, हे आधी मनाशी धरा. ओढल्यावर त्याला खरंच शांत वाटत असेल. शिकागोच्या एका विद्यापीठात ४२ निरोगी माणसांना ताणाच्या परीक्षेआधी शुद्ध टीएचसी दिलं होतं. साडेसात मिलिग्रॅमवाल्यांचा ताण लवकर ओसरला, आणि साडेबारावाल्यांची घबराट उलट वाढली. फरक केवढा, तर पाच मिलिग्रॅम. पुडीत किती टीएचसी आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आज ज्याने डोकं शांत झालं, त्याच चिलमीने उद्या जीव उडतो. शिवाय अंगाला सवय लागते आणि तेवढ्याने भागत नाही. मग न ओढल्याच्या रात्री झोप येत नाही, चिडचिड होते, जेवण जात नाही, आणि पोराला वाटतं की बघा, गांजाविना माझं चालतच नाही. ती पुष्कळदा गांजा सुटतानाची तगमग असते. दोन दिवसांत सुरू होते, पहिल्या आठवड्यात जोर धरते, आणि बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत उतरते. या दिवसांत त्याला रूमवर एकटं ठेवू नका. घरी आणा, रात्री भाकरी नाही गेली तर खिचडी द्या, आणि झोपेसाठी डॉक्टर जे लिहून देतील ते तुमच्या हाताने द्या.

त्याच्या वयाला गांजा जास्त बाधतो. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या अभ्यासात, २०१९ साली, रोज गांजा ओढणाऱ्यांत भ्रमाचे आजार न ओढणाऱ्यांच्या तिप्पट दिसले, आणि जहाल गांजा रोज ओढणाऱ्यांत जवळजवळ पाचपट. तुमच्या घराण्यात, माहेरी किंवा सासरी, कोणाला असा आजार होता का, हे डॉक्टर विचारतील. लपवू नका. त्याने मुलाचं लग्न मोडत नाही, त्याचा उपचार ठरतो. कागदावरची माहिती बाहेर जाणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ती गुप्त ठेवायला आम्ही बांधलेले आहोत.

मालकांना हे वाचून दाखवा. दादा, राग येणारच. तुमच्या शिवारात कपाशीच्या, तुरीच्या आड गांजाची झाडं पकडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात, सातपुड्याच्या पायथ्याची ती जुनी डोकेदुखी आहे. पण तुमचा पोरगा विकणारा नाही, त्याला आत काहीतरी सोसवत नाही. मारलं तर तो तुमच्यापासून लपवेल, ओढायचं थांबणार नाही. पोलिसांचंही सांगते. सेवनासाठी एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनात सापडलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. कायद्यानेच त्याला दवाखान्याची वाट दिली आहे. बापाने ती बंद करू नये, एवढं माझं कळकळीचं मागणं.

ताई, त्याच्याशी बोलताना पुडीपासून सुरुवात करू नका. “झोप कधीपासून येत नाही रे?” इथून करा. लहानपणापासून घाबरट आहे असं तुम्हीच लिहिलं आहे, म्हणजे चिंता आधीची आहे आणि गांजा नंतरचा. दोन्हींचे उपचार एकत्र व्हायला हवेत, नाहीतर पुडी सुटेल आणि घाबरटपणा त्याला पुन्हा तिकडेच नेईल. एका रात्री फार बिथरला, जिवाचं काही बोलला, तर सकाळची वाट बघू नका, थेट सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६ आहे. दोन्ही नंबर देव्हाऱ्याजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, मोबाइल ऐनवेळी सापडत नाही.

आणि कोणी तुम्हाला सांगेल की गांजाऐवजी सीबीडीच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या द्या, त्याने सवय सुटते. देऊ नका. त्यात टीएचसी असू शकतं, आणि संशयाची वाक्यं बोलणाऱ्या मुलाला टीएचसीचा कणही नको आहे.

प्रश्न : मी एस.टी.तून निवृत्त, वय ६४, अमळनेर तालुका. दोन वर्षांपूर्वी मंडळी गेली. तेव्हापासून रात्री झोप नाही, पहाटे तीनला जाग येते, छातीत धाकधूक. महाशिवरात्रीला भांग घेतली तेव्हा झकास झोप लागली. आता एक स्नेही विजयाच्या गोळ्या आणून देतो म्हणतात. हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिन गोळी चालू आहे. घेऊ का?

उत्तर : नाना, नाही. यावर मी घोळत बसत नाही. भांगेतले घटक आणि सीबीडी वॉर्फरिनचं पचन अडवतात, त्याने रक्त प्रमाणाबाहेर पातळ होतं आणि आतल्या आत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्याखेरीज टीएचसीने नाडी वाढते आणि उठल्यावर रक्तदाब उतरतो. रात्री लघवीला उठलात, तोल गेला आणि डोक्याला लागलं, तर वॉर्फरिनवरच्या माणसाला ते फार महागात पडतं. गोळी आयुर्वेदिक आहे म्हणून हा धोका कमी होत नाही. स्नेह्यांनी प्रेमाने आणली असेल, त्यांना हे दाखवा. आधीच काही गोळ्या घेऊन झाल्या असतील तर चार दिवसांत आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) करून घ्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की अमुक दिवस घेतल्या.

पहाटे तीनची जाग आणि धाकधूक दोन वर्षं टिकली आहे, तर ते नुसतं वय नाही. मंडळी गेल्यावर घर रिकामं होतं, आणि आपल्याकडे पुरुषमाणसाला दिवस-कार्य झालं की कोणी विचारत नाही. जेवता का, नातवंडांत मन रमतं का, की सगळंच नकोसं वाटतं? नकोसं वाटत असेल तर ते नैराश्य आहे, आणि त्यावर वॉर्फरिनसोबत चालतील अशी औषधं आहेत. ती निवडताना काळजी घ्यावी लागते. काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून वॉर्फरिनची चिठ्ठी आणि शेवटचे आयएनआरचे कागद बरोबर न्या. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, संध्याकाळी चारनंतर चहा नको, आणि तीनला जाग आली की अंथरुणात तळमळत पडू नका. उठून खुर्चीत बसा, डोळे जड झाले की परत आडवे व्हा.

जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतील, हृदयाचेही कागद तिथेच दाखवता येतील. सकाळी लवकर निघा, मुलाला किंवा सुनेला बरोबर घ्या, आणि भांगेचं त्यांच्यासमोरच डॉक्टरांना सांगा.